वहिनीला तंबू नाही जमायचा

…आणि वर मलाच म्हणतात, "अगं, नीट ताणून धर!" आता काय काय ताणून धरू? डाव्या हातात दोरी, उजव्या हातात खुंटी, दातांत तो सूचनांचा कागद आणि अख्खा तंबू माझ्या डोक्यावर! तुम्हाला सांगते, सव्वीस वर्षं संसार ताणून धरलाय मी, पण तंबू? इकडचा कोपरा ठोकावा तर तिकडचा उपटतो, तिकडे धावावं तर मधला बांबू झोपतो, आणि आमचे हे लांब उभे राहून एक डोळा मिटून बघतायत, "जरासा डावीकडे कलतोय." कलतोय? अहो, उतारावर लावलाय तो, कलणार नाही तर काय ध्यान लावून बसणार?

आता तुम्ही म्हणाल, बाई, गेलीस कशाला तंबूत? तेच तर सांगतेय! परदेशात गेलो होतो. परदेशात! लोक परदेशात जातात, राजवाडे बघतात, बर्फात फोटो काढतात. आम्ही गेलो जुन्या गाड्यांची शर्यत बघायला. आमचं गाड्यांच्या सीटा शिवायचं दुकान आहे. म्हणजे पाटीवर यांचं नाव, पुढे 'अँड ब्रदर्स'. त्या ब्रदर्सनी कधी सुईत दोरा ओवला नाही, ते जाऊ दे. हे पुढे बसून गिऱ्हाइकाशी बोलणार, माप घेणार, कापणार. आणि मागच्या खोलीत मशीनवर कोण? मी. पण नव्वद वर्षांची गाडी दुकानात आली की यांचा चेहरा असा काही हळवा होतो, की काय सांगू, मी बाळंतपणाहून घरी आले तेव्हासुद्धा नव्हता झाला!

तर आयुष्यात एकदा ती शर्यत बघायचीच, असं यांच्या मनात. विमानाचं तिकीट काढलं आणि तिथेच आमची उडी संपली. हॉटेलांचे दर बघितल्यावर मला म्हणतात, "तंबूची मजाच वेगळी असते गं." मजा! ज्याला दुसरा उपाय नसतो, त्याला माणसं मजा म्हणतात! मी स्पष्ट सांगितलं, मला तंबू जमायचा नाही. माझी कंबर आहे, माझा गुडघा आहे, मी यायची नाही. सकाळपासून चार वेळा सांगितलं.

आणि तेवढ्यात वन्संचा फोन. माझ्या नणंदबाई तिथेच राहतात, शर्यतीच्या मैदानापासून दीड तासावर, ऐसपैस घर, नळाला गरम पाणी. यांना म्हणतात कशा, "दादा, तू खुशाल राहा तंबूत, पण वहिनीला माझ्याकडे सोड. वहिनीला नाही जमायचं!"

नाही जमायचं?

आता खरं सांगायचं तर हेच मी स्वतः सकाळपासून म्हणत होते. शब्दन् शब्द हेच! पण आपण म्हणणं वेगळं आणि नणंदेनं म्हणणं वेगळं, की नाही? तुम्हीच सांगा! यांच्या हातातून फोन घेतला आणि म्हटलं, "वन्सं, काळजी नका करू. मी आता तर तंबूतच!"

झालं. अडकले.

सगळ्यात स्वस्त जागा घेतली होती यांनी. स्वस्त का, ते पोचल्यावर कळलं. वर उतार, खाली संडासांची रांग, मध्ये आम्ही. पहिल्या रात्री झोपलो ते वरच्या टोकाला, आणि सकाळी जाग आली तेव्हा घसरत घसरत पार दारात! पाय तंबूत आणि डोकं परदेशात! डोळे उघडते तर समोर शेजारच्यांचा कुत्रा. शेजारी कोण, तर चाकांवरचं घर घेऊन आलेले नवरा-बायको. त्याच्या खिडकीला पडदे, पायरीवर फुलांच्या कुंड्या, आणि कुत्र्याला वेगळी गादी. गादी हो! माझ्याखाली जे अंथरलं होतं ते खाकी पाकिटापेक्षा जाड नव्हतं, आणि तो कुत्रा आपल्या गादीवरून माझ्याकडे इतक्या करुणेनं बघत होता, की मला वाटलं आता उठून जागा देतो की काय!

नळाचं पाणी म्हणजे… तोंड धुतलं आणि तोंड आहे की गेलं ते हात लावून बघितलं. आणि उजाडतंय न उजाडतंय तोच इंजिनं सुरू. घर्रर्र… फट्! फट्! हे ताडकन उठले, "ऐकलंस? सहा सिलिंडर!" म्हटलं, ऐकलं हो, पलीकडच्या डोंगरानंही ऐकलं!

दुपारी सुटला वारा. वारा म्हणजे काय, कुणाची तरी चादर उडत उडत शर्यतीच्या रस्त्यावर जाऊन पडली. आणि आमच्या तंबूची मधली शिवण… टर्रर्र! हातभर फाटला. आत बसून आकाश दिसायला लागलं. आणि आमचे हे, ज्यांना तंबूची मजा, ते काय करतात? पिशवीवर बसतात आणि म्हणतात, "चल गं, तिच्याकडे जाऊ. गरम पाणी तरी मिळेल." आणि बहिणीला फोन लावलासुद्धा! पलीकडून वन्सं, एवढ्या मोठ्यानं, की कुत्र्यानंही कान टवकारले, "मी म्हटलं नव्हतं, दादा? वहिनीला नाही जमायचं!"

फाटला तंबू, वैतागला दादा, आणि जमलं नाही कुणाला? वहिनीला! म्हटलं, सांगा तिला, मी आता तर तंबूतच!

माझी सुयांची डबी मी कुठेही नेते. वाकडी सुई, मेण लावलेला दोरा, अंगठ्याला कातड्याची टोपी. बसले शिवायला. तंबूचं कापड म्हणजे काय मोठं? सीटच्या काठाला घालतो तीच दुहेरी शिवण घातली. वारा ओढतोय, मी ओढतेय. शेवटची गाठ मारून मान वर केली तर समोर एक म्हातारी उभी.

अठ्ठ्याहत्तर वर्षांची, हे नंतर कळलं. पुरुषी पँट, तेलकट हात आणि डोक्याला कातडी टोपी, कानांवरून बंद बांधायची ती. कधीपासून बघत होती कोण जाणे. पुढे आली, चष्मा काढला, माझ्या शिवणीवरून अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत… आणि निघून गेली. म्हटलं, निदान हसायचं तरी गं, टोपीवाले!

दुसरा दिवस, शर्यतीचा. ज्यासाठी एवढा आटापिटा केला तो दिवस! आणि यांची पाठ धरली. वाकलेलेच्या वाकलेले. मला न विचारता बहिणीला बोलावून घेतलं, "येऊन घेऊन जा बाई आम्हाला." मला सांगतात कधी, तर ती निघाल्यावर! म्हटलं, तुम्ही जा. मी आता तर—

वाक्य पुरं होतंय तोच टोपीवाली हजर. तान्हं बाळ धरावं तशी दोन्ही हातांत गाडीची सीट धरून. जुनं तांबडं कातडं, पुढच्या काठाची शिवण पार उसवलेली, आत भरलेले घोड्याचे केस बाहेर, आणि एक स्प्रिंग अशी वर आलेली, की बसणारा माणूस शर्यत संपायच्या आधी उडालाच पाहिजे. भाषा तिची मला येईना, माझी तिला. मग यांना पुढे केलं, यांना थोडंफार इंग्रजी येतं. हे वाकलेल्या अवस्थेत ऐकतात आणि सांगतात, "ती म्हणतेय, दहा वाजता गाड्यांची तपासणी आहे. सीट अशी असली तर गाडी रस्त्यावर सोडणार नाहीत."

मी सीट उलटीपालटी करून बघत होते. ती बोलतच होती.

"ती म्हणतेय, गाडी तिच्या नवऱ्याची. तो गेला. आता ती एकटी चालवते. मुलं म्हणतात…"

"काय म्हणतात?"

"म्हणतात, आई, विकून टाक. आता तुला नाही जमायचं."

म्हटलं, आणा ती सीट इकडे!

हे कळवळले, "अगं, हात लावू नकोस! नव्वद वर्षांचं कातडं आहे, फाटलं तर आयुष्यभर…" अहो, मला शिकवता? जुन्या कातड्याला नवं भोक पाडायचंच नसतं, जुन्या भोकांतूनच सुई न्यायची. आधी केस आत, मग स्प्रिंग बांधायची, मग एकेक टाका, ओढायचा पण चिडायचं नाही. टोपीवाली समोर मांडी घालून बसली. मध्ये मध्ये घड्याळ बघत होती, पण घाई कर म्हणाली नाही. एकदाही नाही!

निम्मं झालं असेल-नसेल, तर चिखलात टाचा रुतवत वन्सं आल्या. "वहिनी! हे काय? इथेही शिवत बसलात? चला, चला, गाडी मी भलत्याच जागी लावलीय!" माझ्या दातांत दोरा, मी नुसतं हूं हूं. "अहो वहिनी, पुरे झाला आता हट्ट, दादाची पाठ बघा…" मी त्यांचा हात धरला आणि स्प्रिंगवर ठेवला. "दाबा." "काय?" "दाबा म्हणते ना! सोडलंत तर उडेल!" तुम्हाला सांगते, पंचवीस मिनिटं! इस्त्रीचा पांढरा कोट घालून चिखलात गुडघ्यांवर बसून वन्संनी स्प्रिंग दाबली. "अगं बाई, टोचतंय!" "जमेल, वन्सं, जमेल."

दहाला पाच कमी असताना सीट गाडीत बसली. तपासणारा आला, हातात कागद लावलेली फळी, कपाळाला आठ्या. सीट ओढली. हलवली. खाली वाकून शिवण बघितली, पुन्हा बघितली आणि काहीतरी विचारलं. टोपीवालीनं आमच्याकडे हात केला, आणि तो साहजिकच यांच्याकडे बघायला लागला. यांनी तोंड उघडलं. मी म्हटलं, झालं! दुकानात कुणीही विचारू दे, "शेठ, काय हात आहे हो तुमचा!" की हे ठरलेलं हसणार, "आमच्याकडेच होतं सगळं." सव्वीस वर्षं भिंतीमागून तेच ऐकलंय मी.

हे म्हणाले, "माय वाइफ."

त्याला नीट ऐकू गेलं नाही वाटतं. तर हे पाठ सरळ करून, कशी केली त्यांनाच ठाऊक, एवढ्या मोठ्यानं ओरडले, "माय वाइफ! माय वाइफ!" आजूबाजूचे चार मेकॅनिक वळून बघायला लागले. मी आपली दोरा गुंडाळत बसले. डोळ्यांत काय गेलं होतं कोण जाणे. धूळ होती तिथे, फार धूळ.

पण ऐका तर! शर्यतीच्या आधी सगळ्या गाड्या मिरवत दोन फेऱ्या मारतात आणि त्यात शेजारी एक माणूस बसवता येतो. टोपीवालीनं शेजारच्या सीटवर थाप मारली आणि माझ्याकडे बोट केलं. माझ्याकडे! मी यांच्याकडे बघितलं. अहो, काय तो चेहरा! जन्मभराचं स्वप्न त्या माणसाचं, अशा गाडीत एकदा बसायचं. नुसते गाडीकडे बघत होते. मी त्यांना जागा द्यायला हवी होती का? एरवी दिली असती. शेवटची पोळी दिलीय, खिडकीची जागा दिलीय, पाटीवरचं नाव दिलंय…

नाही दिली!

म्हटलं, "तुम्ही फोटो काढा." आणि चढले.

काय सांगू तुम्हाला! आमच्याकडे येतात त्या गाड्या ढकलत येतात आणि ढकलत जातात. एवढ्या सीटा शिवल्या, पण त्या पळतात कशा, ते कधी बघितलं होतं? वारा असा की गाल कानांपर्यंत गेले, वळणावर मी टोपीवालीच्या अंगावर, ती दारावर, आणि ती वेडी म्हातारी हसतेय! मी? मी ओरडत होते. देवाचं नाव, आईचं नाव, मध्येच वन्संचंही नाव निघालं. पण डोळे मिटले नाहीत, एकदाही नाही! आणि दर वळणाला माझं लक्ष तिच्या सीटकडे. एक टाका हलला नाही.

शर्यतीत ती नववी आली. अकरा गाड्या होत्या, दोन वाटेत बंद पडल्या. वन्सं म्हणाल्या, "म्हणजे शेवटचीच की!" मी म्हटलं, नववी! गाडीतून उतरल्यावर टोपीवालीनं माझा हात इतका वेळ धरून ठेवला, की तिच्या हाताचं तेल माझ्या हाताला लागलं. आणि मग वन्संनी जरा हळूच विचारलं, "वहिनी, येता का आज घरी? पाणी तापवून ठेवते." चांगल्या मनानं विचारलं, नाही असं नाही. दादाला नेलं त्यांनी, शेक द्यायला. आणि मी? मी आता तर तंबूतच! एकटी! तंबू होता तसाच कलता, पण शिवण पक्की.

परत आलो तर सगळी माणसं जमली. जावा, शेजारी, ते ब्रदर्ससुद्धा. मी गाडीत बसले हे कुणाला पटेना. म्हटलं, थांबा, यांनी फोटो काढलेत, चाळीस फोटो! यांनी फोन काढला. पहिला फोटो, चाक. दुसरा, चाकाच्या तारा. मग बॉनेट, बॉनेट, बॉनेटचा पट्टा, धुराची नळी, पुन्हा चाक… मी विचारलं, "अहो, मी कुठाय?" तर म्हणतात, "अगं, पण उजेड काय सुंदर पडला होता बॉनेटवर!"

चाळीसांपैकी एका फोटोत, अगदी कडेला, एक कोपर आलंय. माझंच आहे ते. हवं तर वन्संना विचारा… नको, त्यांना नका विचारू. त्या म्हणतात, टोपीवालीचं आहे.