मशीनच्या कॉफीतले जायफळ

कोल्हापूर, ता. २२ नोव्हेंबर १९८५, सकाळी ११ वाजता

नाव सुलतानबी कुतुबुद्दीन शिकलगार, वय ४८, धंदा कॉफी करणे (येथे खाडाखोड आहे), राहणार शनिवार पेठ, कोल्हापूर.

मी ठाण्यात समक्ष येऊन, विचारल्यावरून सांगते की, स्टँडसमोर चन्नाप्पा हत्तरकी यांचे हॉटेल आहे. नवरा वारल्यापासून, म्हणजे अकरा वर्षे, मी तेथे चहा-कॉफी करते. दिवाळी पाडव्याला मालकांनी पुण्याहून कॉफीचे मशीन आणून दारात बसवले व मला "एक तारखेपास्नं येऊ नगा" असे सांगितले. मी बरं म्हणाले. त्या दिवशी मी जेवले नाही.

मशीन कसे चालते, असे हवालदार सयाजी यांनी विचारले. रुपया टाकला की तो आत छोट्या तराजूवर पडतो. वजन बरोबर भरले तर कागदी पेला खाली येतो. दूध, साखर, कॉफी अशी एकत्र पूड डब्यात असते. डब्यातले मळसूत्र एक फेरा फिरते, तेवढीच पूड पडते. टाकीतले गरम पाणी येते, भिंगरी ते घुसळते आणि नळीतून कॉफी पेल्यात येते. कुणाला कडक पाहिजे, कुणाला साखर कमी, हे मशीन विचारत नाही. मुकाट काम करते. तो गुण माझ्यात नाही.

चौथ्या दिवशी मळसूत्राची मोटर जळाली. कारागीर सहा दिवसांनी येणार होता आणि दारात तर बघ्यांची जत्रा. मालक म्हणाले, "सुलतानबी, माझी अब्रू राखा. मागं बसा." मशीनच्या पाठीला दार आहे. ते उघडे ठेवून, मागे पोत्याचा आडोसा करून मी स्टोव्ह घेऊन बसले. वर रुपया वाजला, पेला पडला की मी माझी कॉफी नळीत ओतायची. ज्याने माझी भाकरी काढली त्याचीच अब्रू मी झाकत होते, याचा राग होताच. पण हात माझे होते. सवयीने त्यांनी जायफळ किसले.

काल दुपारी कागलचे गुळाचे व्यापारी महालिंग तोडकर यांनी तिसरा पेला पिऊन मोठ्याने विचारले, "मशीन जायफळ कुठनं किसतंय वं?" मागे येऊन त्यांनी पोते बाजूला सारले. माझ्या एका हातात किसणी, दुसऱ्यात जायफळ. "फसवणूक हाय ही!" म्हणत ते तडक ठाण्यात आले. मालक मला म्हणाले, "आता एक तारीख कशाला? उद्यापास्नंच येऊ नगा."

इतका मजकूर झाला असता मशीन दुरुस्त झाल्याचा निरोप आला. खात्री करण्यासाठी जबाब थांबवून हवालदार, तोडकर, मालक व मी असे सारे हॉटेलात गेलो.

परत येऊन पुढे सांगते की, हवालदारांनी मशीनची कॉफी तोडकर यांना पाजली. त्यांनी अर्धा पेला खाली ठेवला. "ही खरी मशीनची व्हय? मग माझी तक्रार न्हाय. कालची फसवणूक बरी हुती, तीच द्या की." मागे उभे असलेले चार जणही तेच म्हणाले. मालक खाली बघत म्हणाले, "सुलतानबी, माझं चुकलं. कामावर या."

मी विचारले, "मशीनच्या मागं बसू का पुढं?"

"पुढं बसा."

मला फार बरे वाटले. माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही. मशीनविरुद्धही नाही. गर्दीच्या वेळी ते चालू द्यावे.

हवालदारांनी हे सर्व मला सावकाश वाचून ऐकवले, ते मी सांगितले तसेच आहे. सकाळी धंदा विचारला तेव्हा मी "काही नाही" असे सांगितले होते. ते आता माझ्या सांगण्यावरून खोडून "कॉफी करणे" असे लिहिले आहे. ही खाडाखोड मला मान्य आहे.

डाव्या हाताचा अंगठा: सुलतानबी