ठिगळ टपालाने येत नाही

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि या खेळ बनवणाऱ्या कंपनीचे मोठे साहेब. त्यांच्या शेजारी बसलेल्या पाहुण्या बाई, ज्यांच्या हुद्द्याचं नाव मला दोनदा सांगण्यात आलं आणि दोन्ही वेळा माझ्या डोक्यावरून गेलं. ज्यांना आज निरोप द्यायचा ते सत्कारमूर्ती. कंपनीतली सगळी मुलंमुली. मागच्या रांगांत हाताची घडी घालून बसलेले खेळाडू, ज्यांच्यातले निम्मे अजूनही रागात दिसतात. आणि दुसऱ्या रांगेतल्या माझ्या थोरल्या जाऊबाई, ज्या आत्तापासूनच घड्याळ बघतायत, आपणा सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

माझ्या हातात कागद नाही. मला अक्षरओळख नाही, त्यामुळे कागद धरला तरी तो वारा घ्यायच्याच कामाचा. तेव्हा माझी पानं किती उरली हे कुणी मोजत बसू नका. जे सुचेल ते बोलेन, आणि ही समोरची मुलगी उतरवून घेतेय. बाळ, जे नीट वाटणार नाही तेही लिही. नंतर सुधारायची सोय तुमच्या कंपनीत आहेच म्हणतात.

तर सत्कारमूर्तींबद्दल. यांचं खरं आडनाव वेगळं आहे. ‘ठिगळेसाहेब’ हे नाव मी ठेवलं, आणि पुढे ते सगळ्या ऑफिसने उचललं. ते का ठेवलं, हे सांगायचं तर मला आधी माझ्या जाऊबाईंची तक्रार सांगावी लागेल. जाऊबाई, परवानगी आहे ना?

(‘सांग, सांग. माझ्याशिवाय तुझं भाषण व्हायचं कसं?’ असं त्या म्हणतायत. तेही लिही गं.)

आम्ही दोघी जावा. एका घरात नांदलो, एका स्वयंपाकघरात राबलो, एकमेकींच्या पातेल्यातलं चाखून एकमेकींना नावं ठेवली. पुढे आमचे नवरे, ते दोघे भाऊ, गेले. जाऊबाई मुलाकडे दुसऱ्या गावी राहायला गेल्या, मी लेकीकडे राहिले. मी शिवणकाम करणारी बाई, मशीनवर बसले की माझा दिवस जातो. त्यांचा जाईना. तेव्हा त्यांच्या मुलाने, म्हणजे माझ्या पुतण्याने, एक युक्ती केली. टीव्हीला जोडायची खेळाची दोन यंत्रं आणली, एक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. त्याला म्हणे कन्सोल म्हणतात. आणि त्यात एक खेळ घालून दिला.

खेळ काय, तर एक नाव. दोघींनी बसायचं. एकीने डावं वल्हं मारायचं, दुसरीने उजवं. नदीतून, खडकांतून, पुलांखालून नाव न्यायची. खेळात एक अक्षर नाही. पडद्यावर त्रिकोण दिसला की कंट्रोलरवरचा त्रिकोण दाबायचा, गोल दिसला की गोल. माझ्यासारखीला आणखी काय हवं? कानाला ते हेडफोन लावले की बोलताही यायचं. रोज दुपारी जेवणं उरकली की आम्ही नावेत बसायचो. नाव कुठे जायची देव जाणे, पण कुणाच्या सुनेने काय केलं, कुणाच्या पायाला सूज आली, कुणाच्या घरी कोण रुसलं, हे सगळं त्या नदीत व्हायचं. खरं सांगते, शेजारी शेजारी राहत होतो तेव्हाही आम्ही इतक्या बोललो नव्हतो.

आणि मग माझ्या यंत्राने मान टाकली. लेक म्हणाली, ‘आई, आता हे मिळत नाही. पण तोच खेळ कॉम्प्युटरवर आलाय. घालून देते.’ मी म्हटलं, ‘तोच ना?’ म्हणाली, ‘अगदी तोच.’

अध्यक्षमहाराज, ‘अगदी तोच’ या शब्दांवर विश्वास ठेवून आजवर ज्याने कापड घेतलंय, त्याला विचारा.

पहिल्याच दिवशी कॉम्प्युटरचा पंखा असा घोंगावू लागला की मला वाटलं, गिरणी सुरू झाली. पडद्यावर एक पट्टी सरकत होती. लेक म्हणाली, ‘तयारी करतोय.’ म्हटलं, करू दे. माझा चहा झाला, भांडी झाली, एका ब्लाउजची बाही जोडून झाली, तयारी चालूच. एकदाची नदी आली. नदीच्या मधोमध माऊसचा पांढरा बाण माशीसारखा बसलेला, हाकलला तरी हलेना. आणि खाली चित्र कसलं, तर त्रिकोण दाबा. कीबोर्डवर त्रिकोण कुठाय? मी वरून खाली शोधला, डावीकडून उजवीकडे शोधला. मनात म्हटलं, अक्षरं येत नाहीत म्हणून मला सापडत नसेल. लेकीला हाक मारली. ती एवढी शिकलेली, तिलाही सापडेना. तेव्हा कुठे माझ्या जिवाला बरं वाटलं.

मागच्या रांगेतली मंडळी माना डोलवतायत बघा. यांनाही कुणाला त्रिकोण सापडला नव्हता!

खेळ संपल्यावर बाहेर पडायचं तर बाहेर पडायला दार नाही. लेकीने सगळीकडे शोधलं. शेवटी मी प्लग उपटला. दुसऱ्या दिवशी नाव परत पहिल्या घाटावर.

हे सगळं मी सोसलं असतं. कोणती बटणं दाबायची ते लेकीने दाखवलं, त्यांवर मी नेलपॉलिशचे ठिपके दिले. बाहेर पडायची एक आडवाट तिने शोधून दिली. पण नाव सरळ जाईना! मी डावं वल्हं मारायची एकदा, पडद्यावर ते मारायचं दोनदा. नाव गर्रकन फिरायची आणि जाऊबाईंच्या बाजूने खडकावर आपटायची. नेहमी त्यांच्याच बाजूने.

पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, ‘झोपेत आहेस का गं?’ दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, ‘अगं, जरा माझ्याबरोबर मार की.’ मी म्हटलं, ‘जाऊबाई, मी एकदाच दाबते हो.’ म्हणाल्या, ‘मग मी काय आंधळी आहे? मला दोन दिसतात.’ आणि मग एके दिवशी नाव बुडाली तेव्हा त्यांनी ते काढलं, जे इतकी वर्षं त्यांच्या पोटात असणार. म्हणाल्या, ‘तुझं हे पहिल्यापासूनच आहे. घरातही तुला माझ्यापुढे एक हात जास्त मारायचाच असायचा. आता नावेतही.’

मी काही बोलायच्या आत पुढचं वाक्य आलं. म्हणाल्या, ‘खेळा तुम्ही. तुम्हाला छान जमतं.’

तुम्ही! सभागृहातल्या तरुण मुलांना कदाचित यातली मेख कळायची नाही. मी धाकटी, त्या थोरल्या. मी त्यांना ‘अहो’ म्हणायचं, त्यांनी मला ‘अगं’ म्हणायचं, हे लग्नाच्या दिवसापासून ठरलेलं. थोरल्या जावेने धाकटीला ‘तुम्ही’ म्हणणं म्हणजे दार लावून आतून कडी घालणं. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नावेत बसले. समोरची जागा रिकामी. फोन केला तर त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, ‘त्या पडल्यात जरा.’ भर दुपारी कधी आडव्या न होणारी बाई रोज माझ्या फोनच्या वेळेलाच पडलेली! मला भीती वाटू लागली. आमच्या वयात अबोला धरायला फारसा वेळ शिल्लक नसतो हो. कुणीतरी एक बोलायच्या आधीच उठून गेली म्हणजे? मग दुसरीने कुणाशी भांडायचं?

तेव्हा मी या कंपनीला तक्रार पाठवली. मी सांगितली, लेकीने टाइप केली. ती मधेमधे म्हणायची, ‘आई, हे असं लिहू?’ मी म्हणायची, ‘असंच लिही.’ त्यात खेळाची तक्रार थोडी होती, जाऊबाईंची जास्त होती, आणि शेवटी एवढंच होतं की तुमच्या वल्ह्यापायी माझं माणूस तुटतंय.

आता मागची मंडळी, तुम्हीही तक्रारी पाठवल्या होत्यात. त्यातल्या काही मला नंतर वाचून दाखवण्यात आल्या. या वयात माझ्या शब्दसंग्रहात भर पडली, त्याबद्दल तुमचे आभार. पण त्या सगळ्या ज्या एका माणसाच्या टेबलावर जात होत्या, तो हा इथे खाली मान घालून बसलाय. हा खेळ कॉम्प्युटरवर आणायची घाई ज्यांनी केली ते निराळेच, निस्तरायला हा.

यांचा फोन आला. आवाज असा थकलेला, की मीच विचारलं, ‘जेवलात का?’ म्हणाले, ‘आजी, तुमचं वल्हं दोनदा लागतं का?’ मी म्हटलं, ‘तुम्हाला जाऊबाईंनी सांगितलं?’ म्हणाले, ‘नाही, आजी. मी इथे तसंच करून बघितलं.’ मग त्यांनी समजावलं. जुनं यंत्र ठरलेल्या वेगानेच चित्रं काढायचं, आणि खेळ त्या चित्रांवरून वल्ह्याचे फटके मोजायचा. नवा कॉम्प्युटर त्याच वेळात दुप्पट चित्रं काढतो, म्हणून फटकेही दुप्पट. मी म्हटलं, ‘म्हणजे एकीच्या वितीने माप घेऊन दुसरीचं पोलकं शिवलंत.’ म्हणाले, ‘हो. तसंच झालं.’

मी विचारलं, ‘म्हणजे चूक माझी नाही?’

म्हणाले, ‘नाही आजी. तुम्ही बरोबर वल्हवत होतात. चूक आमची आहे.’

मंडळी, मी माहेरी राहिले, सासरी नांदले, गिऱ्हाइकांचे कपडे शिवले. ‘चूक आमची आहे’ हे शब्द मला उद्देशून कुणी म्हटल्याचं आठवत नाही. मी म्हटलं, ‘पुन्हा म्हणा.’ त्यांनी पुन्हा म्हटलं. मी म्हटलं, ‘आता हेच माझ्या जाऊबाईंना फोन करून सांगा.’

आणि या माणसाने तो फोन केला! कोण करतं? जाऊबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘तुम्हाला तिने पढवलंय का?’

(आता हसतायत बघा. तेव्हा नव्हत्या हसल्या.)

मला मात्र साहेब म्हणाले, ‘आजी, काळजी करू नका. पुढच्या आठवड्यात पॅच येईल.’ शिवणकामातल्या बाईला पॅच म्हणजे काय, ते मी सांगायला नको. मी आठवडाभर दारात. पोस्टमन दिसला की विचारायचे, ‘ठिगळ आलं का?’ तो बिचारा दोनतीनदा नाही म्हणाला, मग रस्ता बदलून जाऊ लागला. मी साहेबांना फोन केला. ‘अहो, आलं नाही अजून. आणि कापड कुठलं लावताय? मूळ रंगाला मिळतंजुळतं घ्या.’ पलीकडे बराच वेळ कुणी बोलेना. मला वाटलं, फोन कटला. ते हसत होते. मग म्हणाले, ‘आजी, ते टपालाने येत नाही. आपोआप येऊन लागतं. तुमच्याकडे रात्रीत उतरेल, जरा मोठं आहे.’ किती मोठं, तर मूळ खेळाहून मोठं! सदऱ्यापेक्षा मोठं ठिगळ लावणारा शिंपी मी जन्मात पाहिला नव्हता. त्या दिवसापासून ते ठिगळेसाहेब.

पहिलं ठिगळ लागलं आणि वल्हं सुधारलं, पण नदीतलं पाणी गेलं. मी कोरड्या दगडांवर नाव वल्हवत बसले होते. फोन केला, तर म्हणाले, ‘माहितीय आजी, पाणी उद्या सोडतो.’ पाणीखात्यातलासुद्धा कुणी इतक्या विश्वासाने बोलत नाही. आणि सोडलं हो, दिल्या शब्दाप्रमाणे!

मग रोज दुपारी मी नावेत जाऊन बसू लागले. काही करायची नाही. नाव घाटाला बांधलेली, माझ्या हातात एक वल्हं, समोर रिकामी फळी. लेक म्हणायची, ‘आई, एकटीने खेळायचाही पर्याय आहे त्यात.’ मी म्हणायची, ‘असू दे.’

आणि एका दुपारी समोरच्या फळीवर ती दुसरी बाहुली, जाऊबाईंची, येऊन बसली. कानात आवाज नाही. मी एक वल्हं मारलं. एकच लागलं. पलीकडून एक लागलं. नाव घाटावरून सुटली. पहिला पूल गेला. तो खडक आला, आमचा तो नेहमीचा. नाव त्याच्या शेजारून अशी गेली, जशी कात्री कोऱ्या रेशमातून जाते. तरी कानात काही नाही. दुसरा पूल जवळ आला, आणि मग ऐकू आलं, ‘अगं, हळू मार की. मला धाप लागते.’

अगं!

मी वल्हं ठेवूनच दिलं. नाव आपली वाहत राहिली. माझ्या छातीवरून शिवणयंत्र उचलल्यासारखं झालं. मी म्हटलं, ‘जाऊबाई, बरं आहे ना?’ म्हणाल्या, ‘मला काय धाड भरलीय? आणि त्या तुझ्या साहेबांना सांग, आता डावी बाजू बरोबर येते.’ आमच्या जाऊबाईंच्या तोंडून यापेक्षा मोठी माफी निघत नाही, आणि मला याहून मोठी नकोही होती.

तर असे हे ठिगळेसाहेब. आता हा खेळ बहुतेकांकडे नीट चालतो म्हणे. आता त्रिकोणाच्या जागी कीबोर्डची खूण दिसते, बाहेर जायला दार आहे, माशी उडाली. काम संपलं म्हणून साहेब चाललेत. मघाशी मी त्यांना विचारलं, आता काय करणार? म्हणाले, ‘आजी, काही दिवस खेळ नुसता खेळणार आहे. इतकी वर्षं पडद्यावर मला फक्त उसवलेलंच दिसत आलंय.’ मला कळलं ते. मीही लग्नाला गेले की नवरीचं तोंड नंतर बघते, आधी तिच्या काठाची टीप बघते. साहेब, सवय मोडायला वेळ लागेल, पण मोडेल. काही उसवलेलं दिसलं तर डोळे मिटून घ्या. दुसरा कुणीतरी आहे पगारावर.

मोठे साहेब, तुम्हाला एकच सांगणं: पुढच्या खेळाला घाई करू नका. आणि केलीतच, तर निस्तरायला माणूस असाच निवडा, जो फोनवर ‘चूक आमची’ म्हणू शकतो.

मला इथे बोलावलंत, माझ्यासारखीच्या हाती माईक दिलात, त्याबद्दल अध्यक्षांची, पाहुण्या बाईंची आणि सगळ्या मुलामुलींची मी ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाला टोचलं असेल, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर म्हातारीचं म्हणून पोटात घाला. तरीही राग आलाच, तर अबोला धरू नका. आधी फोन करून विचारा, चूक माणसाची आहे की यंत्राची. आणि माणसाची निघाली, तरी फोन ठेवू नका.

जाऊबाई, झालं हो. उठा, घरी जाऊ.