उलटी चुडी अन् जवाईबापू

...अन् जवायाले कोणी काही बोलत नाही, हीच तं बोंब आहे ना! बोलले असते तं? दोन शिव्या दिल्या असत्या, एक कानाखाली... नाही, कानाखाली नको, पण दोन शिव्या तरी! खाल्ल्या असत्या मुकाट्यानं. पण नाही! पाट मांडला, रांगोळी काढली, ताटात पुरणाचे धोंडे, धोंड्यांवर तूप, अन् समोर माझ्या गुन्ह्याची शिक्षा भोगून राहिला होता माझा साळा!

तुम्हाले सांगतो, यंदा अधिक महिना आला भर उन्हाळ्यात. जवायाचा महिना! प्रताप नगरातून निघालो, गाडीचा एसी फुल्ल, बाजूले बायको दीपमाला, अन् पोचलो जरीपटक्यात सासऱ्यांकडे. सासरे मारोतराव, पस्तीस वर्षं कारखान्यात फिटर. माणूस असा, की नळ टपकला तरी चारित्र्यावर भाषण देते. अंगणात त्यांची जुनी सायकल चाकं वर करून ठेवलेली. साळा मोहित सहा महिन्यांपासून तिले घासून-रंगवून तयार करून राहिला होता. काहून? तं सोमवारपासून मिहानात गोदामावर नोकरी, पहाटेची पाळी, त्या टायमाले बस नाही. अन् सासऱ्यांची अट काय, 'नीट ठेवशीन तं तुझी, बिघडवशीन तं परत घेईन.' पायडल काढून ठेवलेले, अन् मोहित म्हणते, 'भाऊजी, बेअरिंगचे छर्रे घेऊन येतो, पाच मिनिटांत.'

आता मी इंजिनियर माणूस! कॉम्प्युटरचा, पण इंजिनियर ना! म्हटलं पोट्टा येईपर्यंत ते गोल झाकण खोलून ठेवू, आपलंही जरा नाव होईन. पायडलचा दांडा फ्रेमच्या ज्या नळीतून जाते ना, तिच्या दोन्ही तोंडांले आटे असतात, आम्ही चुडी म्हणतो, अन् त्यात एक-एक झाकण बसवलेलं. डावीकडचं फिरवलं, आरामात निघालं. उजवीकडचं तसंच फिरवलं... निघेना! पान्याले पाइप लावला. पाइपावर उभा राहिलो. मी! ब्याऐंशी किलो! करर्रर्र... दातात खडा यावा तसा आवाज, झाकण हातात, अन् त्याच्यासंगं फ्रेमच्या चुडीचा चुरा!

मले कोण सांगणार होतं, की चेनच्या बाजूची चुडी उलटी असते? उलटी! सारं जग जिकडं फिरवून खोलते, तिकडं ती घट्ट होते! मी खोलून नव्हतो राहिलो हो, आवळून-आवळून मारून राहिलो होतो! झाकण तसंच टेकवलं, हात पुसले, अन् कूलरसमोर पेपर वाचत बसलो. पेपर उलटा नव्हता, तेवढी अक्कल होती.

मोहित आला, अन् दुसऱ्या मिनिटाले ओरडला, 'बाबा, चुडी मेली!' सासूबाई स्वयंपाकघरातून धावत, 'अवं माय, कोणाची चुडी?' स्वतःच्या बांगड्या मोजून राहिल्या बिचाऱ्या! सासरे उठले, नळीत बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला, देवाशपथ वास घेतला, अन् सुरू! 'काहून बे गाढवा! उलटी चुडी सीधी फिरवली? पाइप लावला? कोण्या नालायकानं शिकवलं तुले?' अन् लगेच माझ्याकडं वळून, आवाजात साखर, 'जवाईबापू, बसा ना पाटावर, थंडं होईन.'

जवायाले कोणी काही बोलत नाही!

'बाबा, मी नाही केलं,' मोहित म्हणते. 'मंग कोणी केलं? तुह्या मायनं? का जवाईबापूंनी?' सगळे हासले. तुम्हाले सांगतो, मीही हासलो! माझंच हासणं सगळ्यात मोठं! बोलणार होतो हो, तोंड उघडलं होतं, तितक्यात सासूबाईंनी त्यात धोंडा... म्हंजे ताटात, पण तोंडातच समजा... 'घ्या ना जवाईबापू, लाजू नका!' सासरे तिकडून, 'ज्याले डावं-उजवं समजत नाही, त्याले पोरगी कोण देईन बे?' अन् ज्याले दिली होती, तो तुपात बोट बुडवून बसला होता! दीपमाला म्हणते, 'आमच्या ह्यांनी पाहा, कधी पान्याले हात लावला का? आपली लायकी समजते माणसाले!' मी अजून एक धोंडा घेतला. चौथा. काय करता? जवायाले कोणी काही बोलत नाही, फक्त वाढतात!

जेवण झालं. सासऱ्यांनी पेटीतून उलट्या चुडीचा टॅप काढला, आटे पाडायचं पोलादी हत्यार, अन् टाकला मोहितपुढं. पोट्टा उन्हात बसला, पंचेचाळीस डिग्री! तेलाचा थेंब, अर्धा फेरा पुढं, जरासा मागं, चुरा झटकला, परत अर्धा फेरा... एक घंटा! पुढच्या तीन चुड्या गेल्याच, पण आतल्या जित्या केल्या पोट्ट्यानं! दुकानातून नवं झाकण आणलं, ते असं बसलं का खरं सांगू, मले रडू आलं. लाज वाटली हो! म्हटलं आता बोलतो. उठलो. तं सासरे हात जोडून उभे, अन् सासूबाईंच्या हातात कुंकू!

'जवाईबापू, हे अधिकाचं वाण. तुमच्या हाती नीट राहीन. या गाढवाजवळ ठेवली तं परत मारन.'

सायकल! मले! अहो, कार आहे माझ्याकडं! 'नको, नको' म्हटलं, तं सासूबाई रडकुंडीले, 'वाणाले नाही म्हणत नसतात!' हँडलले कुंकू, मले टोपी, दीपमालानं फोटो काढला. त्या फोटोत मी हासून राहिलो. मागं मोहित आहे, पण त्याचं मुंडकं कापलं गेलं.

त्यानंच सायकल उचलून माझ्या गाडीच्या टपावर बांधली. मी विचारलं, 'सोमवारी कसा जाशीन गा?' म्हणते, 'पाहू.' दोरीची गाठ आवळली, जवळ आला, अन् एकदम अदबीनं, हळूच, 'भाऊजी, उजवीकडचं झाकण असं बसवलं, का आता तुमच्यानं निघणार नाही.'

म्हंजे... माहीत होतं त्याले! मी पाटावर बसलो तेव्हापासून माहीत होतं! 'मंग बोलला काहून नाही बे?'

म्हणते, 'ताईले गाढवाच्या गळ्यात बांधलं, हे बाबाले कोण सांगन?'

मी गाडीचं दार उघडलं. म्हटलं, 'थँक्यू.'