सुजलेला कान

मशीनची सुई बोटात घुसल्यामुळे शिंपीणबाई दवाखान्याच्या बाकावर नंबराची वाट बघत होत्या. शेजारी मायलेकींची जुंपली होती. लेकीचा कान सुजून लाल झाला होता.

“चौघी मैत्रिणींनी एकाच सुईने कान टोचून घेतले? नाही म्हणायला तुझी जीभ झडली होती?”

“म्हटलं होतं. त्या हसल्या.”

“मग ठणकावून सांगायचं. उठून चालू लागायचं.”

“रविवारी उठले होते मी.”

“रविवारचं काय आता?”

“केस कापायचे नाहीत म्हणाले मी. दोनदा. तू खांदे दाबून खाली बसवलंस आणि मावशीला म्हणालीस, हिचं काय ऐकतेस, चालव कात्री.”

आईचा हात तिच्या केसांकडे गेला.

“हात लावू नकोस.”

“चारचौघांत उलट बोलतेस?”

“ठणकावून सांगतेय.”