देवाच्या डब्याचं वजन

मूळ आमी सांगवीची, बारामती तालुक्यातली. आज्यानं येशूचा मार्ग धरला तवापास्नं आमी ख्रिस्ती. माझं नाव इस्तर, शास्त्रातल्या रानीचं नाव हाय म्हनत्यात, पन रानीसारखं काय घडलं न्हाय बघा आयुष्यात. आन् ताई, तुमी लिहून घेताय त्ये घ्या, पन त्यो फोन कशाला टेपला लावलाय? असू द्या, राहू द्या, पन मी सही कशावर करनार न्हाय, आधीच सांगते. संशय घ्यायची खोडच हाय मला. ती कुठनं लागली त्ये आधी ऐका, म्हंजी पुढचं नीट कळंल.

मी आठ-नऊ वर्सांची आसंन. धाकला भाऊ दाविद तापानं पडला. मंडळी घरी आली, मंडळी म्हंजी आमच्या चर्चची मानसं, गुडघं टेकून प्रार्थना केली, म्हनली देव बरं करंल, भरवसा ठेवा. चवथ्या दिवशी दाविद गेला. तीच मंडळी परत आली आन् म्हनली देवाची इच्छा, भरवसा ठेवा. मी चुलीपशी बसून ऐकत हुते. म्हनलं बरं झालं तरी देव खरा आन् न्हाय झालं तरी देव खरा, मंग देव खोटा पडायचा तरी कवा? आईला इचारलं तर आईनं थोबाडीत दिली. तवापास्नं प्रार्थनेला मी डोळं मिटत न्हाय. कोन कोन मिटतंय त्ये बघत बसते.

लगीन होऊन अंथुर्ण्याला आले. आमचं मालक, शामुवेल, बोरातल्या मोटरी काढायचं काम करायचं. पार दोनशे फुटावरनं पाईप वढून काढायचं, हात म्हंजी नुसती पक्कड. मी डाळिंबाच्या शेडवर, माल निवडायला. डाळिंबाचं कसं हाय, वरनं लालभडक दिसतंय म्हनून त्येच्यावर जायाचं न्हाय. हातात घ्यायचं, वजन बघायचं, हलकं लागलं की समजायचं आत काळं पडलंय. वीस वर्सं झाली ह्येच करते. शेडवालं शेठ म्हनत्यात काट्यापरास इस्तरबाईचा हात खरा. मानसंबी मी तशीच हातात घेऊन बघते, काय करू, सवय.

तर मालक एक दिस सकाळी दात घासता घासता खाली बसलं आन् उठलंच न्हाईत. अंगावरनं वारं गेलं. उजवी बाजू सगळी. दवाखाना झाला, महिनाभरानं घरी आनलं, तोंड जरा सुधारलं, काठी धरून मोरीपतोर जायला लागलं, पन उजवा हात मेला त्यो मेलाच. एकदा त्या हातावर गरम च्या सांडला, कातडी लाल झाली तरी ह्यांस्नी पत्त्या नव्हता. डाक्टरनं रबराचा चेंडू दिला हुता, दाबत जावा म्हनलं, जेवढं दाबशिला तेवढा हात जागा व्हईल. तर ह्यांनी चेंडू फेकून दिला. दिसभर भितीकडं तोंड करून पडायचं. मला भ्या हाताचं नव्हतं ताई, मानूसच हातचा चाललाय ह्येचं भ्या हुतं. गेला असता बघा, जेवायचंबी सोडत आनलं हुतं.

मंडळी आली. पाळकसाहेब, म्हंजी आमच्या चर्चचं धर्मगुरू, म्हनलं ह्यात देवाची काय तरी योजना हाय. योजना म्हनलं की मला पंचायतीतलं फारम आठवतंय, नाव लागतंय आन् हातात काय पडत न्हाय. माझी ननंद दिनाबाई, हितंच दोन घरं सोडून ऱ्हाती, ती तर रोज यायची, भावाच्या डोक्यावर हात ठेवून रडून प्रार्थना करायची. मी दारात उभी राहून बघायची, हिला खरंच रडू येतंय, का मंडळीत सांगायला साक्ष पायजे. साक्ष म्हंजी ऐतवारच्या उपासनेत उभं ऱ्हाऊन देवानं आपलं काय भलं केलं त्ये सांगायचं. दिनाबाईला साक्षीची लई हौस.

आता डब्याचं सांगते. आमच्यात रीत हाय, सांजचा सैपाक करायच्या आधी मूठभर ज्वारी देवाच्या डब्यात टाकायची. ऐतवारी त्यो डबा चर्चला न्यायचा, ती ज्वारी कुनाच्या तरी नडीला जाती. सासूनं घालून दिलेलं, मी कधी चुकवलं न्हवतं. पन सहा महिनं झालं, हात हालंना, मानूस बोलंना, मंग माझं टाळकं फिरलं. म्हनलं देवा, तुझ्याकडनं काय येत न्हाय तर माझ्याकडनंबी येनार न्हाय. डबा रिकामा करून फळीवर ठेवून दिला आन् मूठ बंद केली. कुनाला बोलले न्हाय. ऐतवारी हात हालवत जायचे.

दोनतीन आठवड्यानं फळी पुसायला डबा उचलला तर जड. माझा हात काय खोटं सांगत न्हाय. उघडून बघितलं तर बुडाला चार बोटं ज्वारी. तुमी म्हनशिला चमत्कार. मी म्हनलं दिनाबाई. मी शेडवर गेले की हिनं येऊन ज्वारी टाकायची आन् पुढं उभं ऱ्हाऊन सांगायचं, माझ्या भावजयीचा डबा देवानं भरला. गेले तशीच नळावर, चार बायकांत म्हनलं, दिनाबाई, देवाच्या नावानं लबाडी करताय, लाज वाटत न्हाय का. ती म्हनली इस्तर, मला आईची आन. घागर तितंच टाकून गेली आन् यायची बंद झाली.

ती बंद झाली पन ज्वारी बंद झाली न्हाय. पुढल्या शनिवारी डबा आनिक जड, खाली दानं सांडल्यालं. म्हनलं बया लपून येती. मंग मी काय केलं, उंदराचा सापळा आनला, त्यो फळीवालाच, खटकन मिटनारा, आन् डब्याच्या मागं तानून ठेवला. मालकाला सांगितलं न्हाय. कुनी इचारलं तर उंदीर झाल्यात म्हनायचं. खरं सांगू का, मनात दिनाबाईची बोटं हुती.

त्या दिवशी शेडला माल आला न्हवता, मी लवकर आले आन् मागच्या अंगाला धुनं धुवत बसले. आले त्ये मालकाला ठावं नव्हतं. आतनं खटका वाजला आन् आई गं, एवढंच. पळत गेले तर मालक फळीपशी भितीला टेकून उभं, पायापशी ज्वारीचा सडा, आन् सापळ्यात उजव्या हाताची दोन बोटं. मी सापळा काढायला लागले तर मला म्हनलं थांब. डोळ्यातनं पानी चाललेलं आन् तोंड हासतंय. दुखतंय गं इस्तर, म्हनलं, लई दुखतंय. च्या सांडल्याला कळला न्हवता त्यो हात, ताई. मी हळूच सापळा काढला.

मंग सगळं बाहीर आलं. मी मूठ बंद केली त्ये ह्यांनी पडल्या पडल्या बघितलं हुतं. म्हनलं घरातनं देवाचं बंद व्हायला नको. मी गेले की पोत्यापशी जायचं, आन् डाव्या हातानं मेल्याली बोटं धरून ज्वारीत खुपसायची, मिटवायची, उचलायची, निम्मी सांडायची, परत खुपसायची. तासतासभर. मी म्हनलं अवं, डाव्या हातानं टाकायची की, त्यो चांगला हाय न्हवं. तर माझ्याकडं असं बघितलं, म्हनलं देवाला डाव्या हातानं देत्यात व्हय? डाक्टरचा चेंडू ह्यांनी फेकला ताई, आन् देवाची मूठ महिनाभर दाबत बसलं.

दिनाबाईकडं गेले. दारातच पाय धरलं. ती म्हनली उठ आधी, त्येची बोटं बघू दे. तीबी रडली, आन् ह्या टायमाला मी तपासलं न्हाय खरं का खोटं.

ऐतवारी पाळकसाहेब म्हनलं साक्ष द्या. मी उभी ऱ्हायले. म्हनलं मी देवावर रुसले, ननंदंवर आळ घेतला, सापळा लावला, त्यात नवऱ्याचा हात घावला आन् त्यो दुखला. झालं एवढं हाय. ह्यात देवानं काय केलं त्ये तुमीच ठरवा. कोन आमेन म्हनलं, कोन हासलं. दाविदाचं अजून मला कुनी सांगितलं न्हाय आन् सांगनारबी न्हाय कोन, त्ये माझ्यात तसंच हाय.

आता मालकाला मोटरी काढायचं काय व्हत न्हाय, पन कपबशी धरत्यात, शर्टाची बटनं लावत्यात. सांजच्याला आधी ह्यांची मूठ, मंग माझी. ह्यांची निम्मी सांडती, मी झाडून घेते. शनिवारी डबा मी हातावर घेतेच, खोड जात न्हाय. ह्यांचं वजन किती आन् माझं किती, मला पक्कं कळतंय. परवा उचलला तर दोघांच्यापरास जादा लागला. दोनदा बघितला, जादाच. दिनाबाई बाहीर शेंगा निवडत बसली हुती. तिला काय इचारलं न्हाय मी. डबा फळीवर ठेवला, झाकन लावलं, म्हनलं असू दे.