रुमालाखालची चिठ्ठी

केशरबाई : झाकून ठेवा ती चिठ्ठी, सर. मला बी दावू नका. ह्या रुमालाखाली सारा.

भीमराज : अहो केशरबाई, हा काय बैलबाजार आहे? कॉम्प्युटरची गोष्ट आहे. मी तोंडानं सांगतो, तुम्ही ऐका.

केशरबाई : माजा बाप जवळा बाजार गावात बैलाचे सौदे करायचा. रुमालाखाली बोटं धरायची अन् भाव सांगायचा. ह्याचा भाव त्याला कळत न्हाई, अन् एकदा बोट दाबलं की शबुद फिरत न्हाई. हळदीची आडत म्या तशीच चालवली. तोंडानं बोलणारे समोरच्याचं तोंड पाहून बोलतेत. सारा.

भीमराज : घ्या. सारली.

केशरबाई : आता मिना आली की तिची सारंल. ज्याचं म्हणणं पटंल, तिन्ही दुकानांची मशीनं त्याच्या हाती.

भीमराज : पण तिला बोलवायची गरज काय होती? हिंगोली जिल्हा व्हायच्या आधीपासून माझा क्लास आहे इथं. अर्ध्या कचेरीला मी टायपिंग सोडवून कॉम्प्युटरवर बसवलंय.

केशरबाई : एका वैद्यानं नाडी पाह्यली तर दुसऱ्याला बी दावावी. त्यात काय बिघडलं?

भीमराज : दुसरा वैद्य! अहो, माउस कसा धरायचा ते मी शिकवलं तिला. पहिल्या दिवशी वही आणली नाही म्हणून बाहेर उभी केली होती मी तिला. अन् आज माझ्याच समोर, रस्त्याच्या पलीकडं, तिचा बोर्ड. माझ्या बोर्डापेक्षा हातभर मोठा.

केशरबाई : मोजला व्हय तुमी?

भीमराज : मोजायला कशाला पाहिजे, दिसतोय की.

केशरबाई : तरी बी?

भीमराज : हातभर अन् चार बोटं.

केशरबाई : अगं माय! पोटात दुखून राहिलं म्हणा ना सरळ. ओवा देऊ का?

भीमराज : थट्टा करू नका. माझ्याकडं चाळीस पोरं होती, आता अकरा राहिलीत. बाकीची रस्ता ओलांडून जातात अन् जाताना मला नमस्कार करतात. तो नमस्कार लई लागतो.

केशरबाई : बरं ते ऱ्हाऊ द्या. मला एक सांगा. मशीन तर म्या घेतलं. मंग हे दुसरं काय घ्यायचं म्हणून राहिले तुमी?

भीमराज : मशीन म्हणजे नुसतं दुकान. आत बसून सगळ्यांना कामाला लावणारा मुनीम नको का? इथं, जवळा बाजारला, शिरड शहापूरला किती पोती हळद पडून आहे ते एका जागी दिसलं पाहिजे. वेबसाइटवर सांगलीच्या व्यापाऱ्याला आपला माल दिसला पाहिजे. आता ब्रॉडबँड आलंय, ते जमेल. हे सगळं सांभाळते ती सिस्टीम. दोन आहेत. एक विंडोज, ती विकत घ्यायची. चित्रावर बोट ठेवलं की काम होतं. दुसरी लिनक्स, फुकट. पण काळ्या पडद्यावर एकेक हुकूम लिहून तिच्याकडून काम करून घ्यावं लागतं.

केशरबाई : फुकटचा मुनीम? चोर तर न्हाई?

भीमराज : नाही हो. मोठमोठ्या कंपन्या तोच ठेवतात. दमाचा गडी आहे. महिना महिना बंद पडत नाही.

केशरबाई : अन् मिनाला कोणचा येतो?

भीमराज : तिला ना? लिनक्स! औरंगाबादहून शिकून आली. पेपरात फोटो आला होता, जिल्ह्यात पहिली म्हणून. माझ्या बायकोनं तो कापून मला दाखवला. म्हणे, बघा, तुमची पोरगी. मी जेवलो नाही त्या दिवशी.

मिना : येऊ का, केशरमावशी? नमस्कार, सर.

केशरबाई : ये माय. हळू ये, जिना उभा हाय. कितवा म्हैना लागला?

मिना : सातवा. लाइट गेलेली, अंधारात पायरी दिसली न्हाई.

भीमराज : या, या मॅडम. आज आमचं भाग्य. पेपरवाले नाही आणले संगं?

मिना : सर, तुमी मला मिनाच म्हणा.

भीमराज : कसं म्हणणार? मोठ्या बोर्डाच्या बाई तुम्ही.

मिना : तो बोर्ड माझ्या नवऱ्यानं केला, सर. मला सांगितलं बी न्हाई. अन् खरं सांगू? बोर्ड मोठा असून काय? नवीन पोराचा बाप आला की पहिलं विचारतो, तुमी भीमराज सरांच्या हाताखालच्या का? व्हय म्हटलं की मंग बसतो. एक बी माणूस माझ्या नावानं आत आला न्हाई अजून. मला बी लागतं ते.

भीमराज : ...असं विचारतात?

मिना : रोज.

केशरबाई : बास झालं दोघांचं. मिना, तुझी चिठ्ठी सार रुमालाखाली. सारली? आता म्या उघडते. एकदा उघडली की फिरवायची न्हाई, सांगून ठेवते. ही मिनाची. "विंडोज."

भीमराज : काय?

केशरबाई : खाली लिहून राहिली, "कारण सर हायत."

भीमराज : हे काय नाटक आहे?

मिना : नाटक काहून, सर? पुढल्या महिन्यात मी माहेरी जाणार, तांड्यावर. बाळंतपण अन् पुढं तीन-चार महिने. मागं मशीन अडलं तर मावशीनं कोणाला हाक मारायची? लिनक्सचं माणूस हिंगोलीत मी एकटीच. विंडोजला तुमी हायत. मशीनपेक्षा हाताशी माणूस पायजे, हे तुमीच शिकवलं.

भीमराज : म्हणजे दया केली माझ्यावर!

मिना : दया न्हाई, सर. सोय पाह्यली.

केशरबाई : थांबा की, सरांची राहिलीच. ही बघा. "लिनक्स." आता बया! हे कसं उलटं? सर, ती तुमचं लिहिते अन् तुमी तिचं?

मिना : सर, तुमी लिनक्स शिकलात? कधी?

केशरबाई : बोला ना सर. येतंय ना तुमाला?

  



भीमराज : नाही येत.

केशरबाई : मंग लिहिलं काहून?

भीमराज : ही तेच लिहिणार म्हणून! मला वाटलं, ही लिनक्स लिहिणार अन् मी विंडोज लिहिलं तर तुम्ही म्हणणार, म्हातारा झाला मास्तर, मागं पडला. म्हणून लिहिलं. सहा महिन्यांपूर्वी सीडी आणली होती. रात्र रात्र बसलो. काळा पडदा येतो अन् एक रेघ लुकलुकत राहते, पुढं काय ते मला कळत नाही. रस्त्यापलीकडं हिच्या खिडकीत पोरं तोच पडदा पाहून हसतात, टाळ्या देतात. जळतो मी हिच्यावर, केशरबाई. लपवून काय करू? जळतो.

मिना : सर...

भीमराज : चिठ्ठी द्या माझी. फाडतो. विंडोजच घ्या.

केशरबाई : हात काढा. रुमालाखालचा शबुद फिरत न्हाई. बाप माजा एकदा आंधळा बैल घेऊन बसला, पण शबुद फिरवला न्हाई. मिना, तू सांग. माणसाचं ऱ्हाऊ दे. नुसतं मशीन पाह्यलं तर कोणतं?

मिना : लिनक्स.

केशरबाई : म्हणजे जळून का होईना, सरांनी बराबरच लिहिलं. अन् शिकायला किती दिवस लागतेत?

मिना : नवीन माणसाला सहा महिने. सरांना एक महिना. मी जायच्या आधी होतंय.

केशरबाई : मंग ठरलं. लिनक्स बसवायचं. सोमवारपासून सर तुझ्याकडं शिकतील. तू परत येईस्तोवर मशीन सर सांभाळतील, मंग दोघं मिळून. न्हाई म्हणणार असाल सर, तर आत्ताच म्हणा, म्या नांदेडचा माणूस बघते.

भीमराज : तिच्या क्लासात? रस्ता ओलांडून?

मिना : रात्री आठनंतर या, सर. तवा पोरं नसतात. कोणी पाहणार न्हाई.

भीमराज : नको. चोरासारखं नाही यायचं. पोरांची बॅच किती वाजता असते?

मिना : सहाला.

भीमराज : सहाला येतो. पण एक सांगतो मिना, हे जळणं एका दिवसात जायचं नाही. तुझ्यासमोर बसलो की आणखी वाढंल.

मिना : वाढू द्या, सर. तसंच या.

भीमराज : अन् काही आणायचं?

मिना : वही.