पिशवीतले डोळे

हसू नका रे. लालबागच्या आमच्या कारखान्यात मूर्तीचे डोळे सगळ्यात शेवटी आखतात, आणि ते काम माझं. यंदा एका शाळेने दिलेल्या फोटोवरून कांगारूची मादी आणि तिचं पिल्लू केलं. पिल्लाचे डोळे मी आईकडे बघणारे आखले. सकाळी बघतो, तर पिल्लाने आईकडे पाठ फिरवलेली. सरळ केलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कारखान्याची किल्ली माझ्याच खिशात.

शाळेच्या बाई आल्या नि म्हणाल्या, “अहो, पिल्लू कुठलं? ही वॉलाबी. कांगारूच्याच कुळातली, अंगाने लहान, पण पूर्ण वाढलेली. हिची पिशवी कुठेय?”

मी पिशवी लावली, आत इवलंसं पिल्लू बसवलं आणि हात जोडून वॉलाबीचे डोळे बदलून समोर बघणारे केले. सकाळी ती जागची हलली नव्हती.

पिशवीतल्या पिल्लाचे डोळे मी अजून आखलेच नव्हते. ते माझ्याकडे बघत होतं.